लाकूड पेटवतं, ऑईल टिकवतं

माझे वडील आणि माझी आत्या एकमेकांशी बोलत नसत. सख्खी भावंडं, एका छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरची भाकरी खाणारी. पण एकमेकांना काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस लागायचं, आणि ते तिसरं माणूस बहुतेक वेळा मी असे. "कुंदे, सांग तुज्या बापाला, भात निवतोय." बाप तिच्यापासून दोन हातांवर पाटावर बसलेला. मी मान वळवून म्हणायचं, भाऊ, भात निवतोय. आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो. मग भाऊ मला म्हणायचे, सांग तिला, वाढ म्हणावं. ऐकणाऱ्यांना यात गंमत वाटते. माझ्या नातवंडांनाही वाटते, ती मला पुन्हा पुन्हा हे सांगायला लावतात. मला त्या वयातही त्यात गंमत दिसली नव्हती. निरोप्याला दोन्हीकडचा राग आधी सोसावा लागतो, हे ज्याने कधी निरोप पोचवले नाहीत त्याला कळायचं नाही. आई यात पडायची नाही. तिचं म्हणणं, बहीणभावाच्या भांडणात सुनेनं तोंड घातलं की दोघं मिळून सुनेवरच येतात. तिने एकदा घालून बघितलं असावं.

भांडण एका बंबाचं होतं. आत्याचं लग्न खालापुरात झालं होतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला वर्षाच्या आत परत पाठवलं, तेव्हा ती एक लोखंडी पेटी आणि अंघोळीचं पाणी तापवायचा एक तांब्याचा बंब घेऊन आली. बंब तिने भांडून आणला होता. दर शनिवारी ती मागच्या दारी बसून चिंच आणि राख लावून तो घासायची, आणि घासताना तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. भिसेगावातलं आमचं घर चार खोल्यांचं, कौलारू, मागे पत्र्याची न्हाणी आणि न्हाणीच्या दाराशी हा बंब. पहाटे त्याच्या नळीत लाकडाची ढलपी पडायला लागली की आवाज थेट माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. मग धुराचा वास, मग आत्याची शिवी. शिवी लाकडांना असायची, कारण ती ओली असायची.

लाकडं बुधी आणायची. बुधी डोंगरातल्या वाडीतली ठाकरीण, आठवड्यातून तीनदा मोळी डोक्यावर घेऊन उतरायची आणि आमच्या मागच्या दारी टाकायची. बदल्यात तांदूळ, कधी मीठ-मिरची, सणाला जुनं लुगडं. आत्या तिच्याशीही भांडायची, पण ते वेगळं भांडण होतं. त्यात दोघी एकमेकींशी बोलायच्या तरी.

भाऊ चौकला, हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. रोज सायकलने जायचे. हाताला गुण होता आणि डोक्याला खाज होती. घरातली कुठलीही वस्तू ती जशी आहे तशी त्यांना बघवत नसे. ट्रकच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल गॅरेजच्या मागे खड्ड्यात ओतून देत. ते बघून भाऊंचा जीव हळहळायचा. एक दिवस त्यांनी डबाभर ऑईल सायकलला बांधून घरी आणलं, आणि आत्या देवळात गेलेली बघून बंबाच्या धुराड्याच्या गळ्याशी भोक पाडलं. भिंतीवर पत्र्याचा डबा टांगला, डब्याला कॉक, कॉकला ट्रकच्या ब्रेकची बारीक नळी, आणि नळीचं टोक त्या भोकातून आत. खाली दोन लाकडं पेटवायची, कॉक किंचित उघडायचा, की ऑईलचा एकेक थेंब निखाऱ्यावर पडणार. टप, चर्र. टप, चर्र. जिथे सहा लाकडं लागायची तिथे दोनात पाणी उकळायला लागलं. भाऊंनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. "लाकूड पेटवतं, ऑईल टिकवतं," असं ते म्हणाले, आणि पुढे वर्षभर जो येईल त्याला हेच म्हणत राहिले.

आत्या देवळातून आली. तिने भोकाला बोट लावून बघितलं. त्या दिवसापर्यंत ती भावाशी बोलत होती, हे मला लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ती जन्मापासून तशीच होती. "माज्या बंबाला भोक पाडलंस," एवढंच ती म्हणाली. भाऊ हसले आणि म्हणाले, भोक नाय गं, सुधारणा हाय. त्यांनी हसायला नको होतं. तिने त्यानंतर त्यांना उद्देशून एक शब्द काढला नाही, आणि भाऊंनीही मोठ्या तोऱ्यात तोच नेम धरला.

मी कुणाच्या बाजूची होते, तर आत्याच्या. न्याय-अन्याय मला कळत नव्हता. मला माझा शाळेचा पांढरा झगा कळत होता. ऑईल जळायला लागल्यापासून आमच्या आळीत दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय राहिली नाही. तेलकट काजळीचे कण यायचे, झटकायला गेलं की फासले जायचे. शेजारच्या बायका कंबरेला पदर खोचून येऊन गेल्या. शाळेत पोरी मला ऑईलवाली म्हणायला लागल्या. माझ्या केसांना तो वास येतो म्हणून बाकावर कुणी बसेना. हे मी भाऊंना रडत सांगितलं तर ते पुन्हा हसले. म्हणाले, तांब्याभर कढत पाणी जास्त घे अंगावर. माणूस वाईट नव्हता माझा बाप. पण आपली करामत दुसऱ्याला कुठे टोचते हे त्याला दिसायचं नाही, आणि न दिसणाऱ्यावर माझा फार राग असतो, अजून आहे.

हल्ली आमच्या बाजूला मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत. शनिवारी येतात, चुलीवरची भाकरी मागतात, धूर डोळ्यांत गेला की त्याचाही फोटो काढतात. माझ्या नातसुनेने मला मोठ्या कौतुकाने एकदा तिकडे जेवायला नेलं होतं. धुराचा वास आला आणि मी पानावरून उठले. उगाच तिला वाईट वाटलं.

पौषात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. माझी मोठी बहीण, दिलेली कशेळ्याला, सासू खमकी. थंडी त्या वर्षी पडलीही तशी होती. ताईला मुलगा झाला, घरीच, मधल्या खोलीत. सुईणीने नाळ कापली त्या क्षणापासून ती खोली आत्याच्या ताब्यात गेली. खिडक्यांना गोणपाट लागलं, दाराच्या फटीत चिंध्या गेल्या. बाळंतिणीला वारा लागला की जन्मभर अंग दुखतं, हे आत्याचं ब्रह्मवाक्य होतं. आत अंधार, लसणीच्या पेजेचा, अळिवाच्या खिरीचा, शेपूच्या भाजीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास, आणि ताईच्या बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी. मला तो वास आवडायचा. ताईच्या खिरीतली उरलेली वाटी मला मिळायची म्हणूनही असेल.

तिसऱ्या दिवशी बाळाचे पाय गार लागले. गोवऱ्या पहाटेस्तोवर टिकत नव्हत्या. झालं, भाऊंना निमित्त मिळालं. चौकहून त्यांनी अर्धा कापलेला ड्रम आणला, त्याला झाकण बसवलं, आत जाळी, वर ऑईलचा छोटा डबा आणि कॉक. पण या वेळी त्यांनी एक गोष्ट नीट केली होती, ती मी नीटच सांगितली पाहिजे. झाकणातून दंडाएवढी पत्र्याची नळी काढून ती खिडकीतल्या गोणपाटातून बाहेर, मागच्या अंगाला नेली होती. धूर सगळा बाहेर. ती नळी बसवताना बाहेरून धरून मी उभी होते. भाऊंनी मला समजावून सांगितलं, "आग पन श्वास घेते गं. ही तिची नाकपुडी. हिला कदी झाकायची नाय, काय?" मी म्हटलं, हो.

खोली छान ऊबदार झाली. ताई खूष, बाळाचे पाय गरम, आई भाऊंकडे कौतुकाने बघायला लागली. आत्या बघत होती आणि तिच्या कपाळावरची शीर उडत होती. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कामावर गेल्यावर, आई ओढ्यावर धुणं घेऊन गेल्यावर, तिने ताईला न्हाऊ घातलं, तेल जिरवलं, धुरी दिली, बाळाला गुंडाळून तिच्या कुशीत दिलं आणि दार ओढून घेतलं. न्हाल्यावर बाळंतीण झोपते, त्या वेळात खोलीत कुणी जायचं नसतं. मग ती माझ्याकडे आली. "त्या नळीतून वाऱ्याचा झोत येतो पोरीच्या डोक्यावर," ती म्हणाली. "जा, मागून बोळा कोंब तिच्या तोंडात."

नळीतून वारा येत नव्हता. आगीच्या नळीतून वारा आत येत नसतो, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, मला कालपरवाच समजावून सांगितलेलं होतं. आत्याला माहीत नव्हतं असंही मी म्हणणार नाही. तिला काय माहीत होतं ते तिच्याबरोबर गेलं. मी माझं सांगते. मी जुन्या परकराचा तुकडा घेतला, चांगला पिळून घट्ट केला आणि काठीने आत ढकलला. मला वाटलं, थोडा धूर कोंडेल, ताई खोकेल, बाप तोंडावर आपटेल, आणि हा ड्रम आणि तो डबा दोन्ही उकिरड्यावर जातील. मला त्याची फजिती हवी होती. ताईचं वाईट माझ्या मनात नव्हतं, पण ताई आत आहे हे मी विसरले नव्हते. काठी परत जागेवर ठेवून मी स्वयंपाकघरात येऊन तांदूळ निवडत बसले.

धूर झाला, पण खोलीत धुरी होतीच. धुरीचा धूर कुणाला वेगळा वाटणार? ताई खोकलीसुद्धा नाही, हे मी कान देऊन ऐकत होते. आत्या ओटीवर जप करत बसली. दुपार चढली. बुधी मोळी घेऊन मागच्या दारी आली, मोळी टाकली आणि वर बघत उभी राहिली. मी दारातून म्हटलं, काय गं? ती म्हणाली, "धूर कौलातनं येतोय. नळीतनं नाय." तिने एवढं बोलून माझ्याकडे बघितलं, आणि मी तांदळाचं सूप धरून तशीच उभी राहिले. मग ती माझ्या अंगावरून आत घुसली. बाळंतिणीच्या खोलीत परक्या बाईने जायचं नसतं, त्यात ती ठाकरीण. आत्या ओटीवरून ओरडली, ए, कुठं चाललीस. बुधीने दार लाथेने उघडलं.

काळा धूर वरच्या अंगाला थरासारखा साचला होता. बुधी वाकून गेली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. बाळाचं तोंड राखाडी, नाकपुड्या काळ्या, हात लोंबत होते. तिने त्याला अंगणात उन्हात पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, बोटाने तोंड साफ केलं, तोंडात फुंकर घातली. आत्या आणि मी ताईला बगलेत धरून ओढून आणलं. ती जागी होईना. डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. बाळ कितीतरी वेळ काही करत नव्हतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी अंगणातल्या फरशीवरच्या भेगेकडे बघत होते आणि मनात देवाला म्हणत होते की माझा जीव घे. देवाने तो घेतला नाही. मग बाळाने मांजरासारखा आवाज काढला, आणि मग ते रडलं. बुधी खाली बसली. आत्या तिला म्हणाली, तू शिवलीस त्याला, आता पुन्हा न्हाऊ घालावं लागंल. हे तिचे शब्द आहेत, मी एकही वाढवलेला नाही.

आळीतली माणसं जमायच्या आत मी मागे जाऊन काठीने नळीतला बोळा काढला आणि बंबात टाकला.

डॉक्टर येऊन गेले, खिडक्या उघड्या ठेवायला सांगून गेले. ताईला उलट्या होत होत्या आणि ती स्वतःच्या पोराचं नाव काय ठेवलं म्हणून विचारत होती. अजून बारसं झालं नव्हतं. भाऊंना कुणीतरी चौकला जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला. ते आले ते सायकल अंगणात टाकून आले. ताईला बघितलं, बाळाला बघितलं, कुणी त्यांच्या हातात दिलं नाही. मग ते ड्रमजवळ गेले. झाकण उघडलं, कॉक बघितला, जाळी बघितली, नळीत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर जाऊन नळीचं तोंड बघितलं. तिथे काजळी पुसली गेली होती. ते परत आले आणि सरळ आत्यासमोर उभे राहिले. मी मधे नव्हते. वर्षानंतर पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले.

"आक्का, नळीला कुणी हात लावला का?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुंदीला इचार. ती व्हती मागं."

सगळ्या आळीची माणसं अंगणात उभी होती. भाऊ माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. मला वाटतं ते घाबरलेले होते, आणि मी त्यांना सोडवीन असं त्यांना वाटत होतं, कारण नळी बसवताना मी त्यांच्याबरोबर होते.

"नाय," मी म्हटलं. "कुणीच नाय लावला."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हेच मला आयुष्यभर पचलं नाही. संशयाने एकदा जरी बघितलं असतं, एक थोबाडीत दिली असती, तर मी तिथेच बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं असेलच असं नाही. ते आपल्या काळ्या हाताकडे बघत म्हणाले, "मंग माजाच अंदाज चुकला." आणि आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, याच्या ऑईलनं लेकरू मेलं असतं.

ताईची सासू तिसऱ्या दिवशी कशेळ्याहून जीप घेऊन आली आणि बाळंतपणाचा महिनाही पुरा होऊ न देता ताईला घेऊन गेली. बारसं तिकडेच झालं. आमंत्रण सगळ्यांना होतं, भाऊ सोडून. आम्ही गेलो. बाळाच्या आत्याने, म्हणजे ताईच्या नणंदेने, त्याच्या कानात नाव सांगितलं, अरुण. भाऊ घरी राहिले आणि आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी बंबाचं भोक डाग देऊन बुजवलेलं होतं, पॉलिश करून, दिसू नये असं. भिंतीवरचा डबा गेला होता. त्यानंतर त्यांनी घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. दाराची कडी निखळली तर म्हणायचे, सुताराला बोलवा. चौकच्या गॅरेजात लांबून लांबून माणसं त्यांच्याकडे इंजिनं दाखवायला आणत, आणि घरात आई स्टोव्हचा वायसर बदलायला शेजारच्या पोराला हाक मारी. ताई पुढे माहेरी आली तरी पोराला त्यांच्याकडे देत नसे. पोर रांगत त्यांच्याकडे जायला लागलं की उचलून घ्यायची. ते हात पुढे करायचे नाहीत.

ऑईल आल्यापासून कमी झालेल्या बुधीच्या मोळ्या पुन्हा आठवड्याला तीन झाल्या. एकदा मोळी टाकताना ती मला हळूच म्हणाली, "तू नळीतनं फडकं काडलंस, मी बगितलं." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? "मला कोन इचारतं?" ती म्हणाली आणि पाणी मागितलं. मी तिला ओंजळीत वरून पाणी घातलं. पोराचा जीव वाचवलेल्या बाईला आम्ही भांडं देत नव्हतो.

आत्याने त्या गोष्टीचा माझ्याशी कधी उच्चार केला नाही. फक्त माझ्या भातावर तूप जास्त पडायला लागलं. मी ते खाल्लं, आणि ते मला गोड लागत होतं. ती गेली तेव्हा मी रडले नाही. भाऊ गेले तेव्हा फार रडले, आणि लोक म्हणाले, धाकटी बापाची लाडकी होती.

परवा दिवाळीत कशेळ्याला सगळे जमलो होतो. आपल्या नातीला हीटरची वायर ओढताना बघून अरुण म्हणाला, अगं, आमच्या आजोबांनी तर मला ऑईलच्या शेगडीत धुरवलं होतं. सगळे हसले. ही गोष्ट त्या घरात दर वर्षी होते आणि दर वर्षी सगळे हसतात. ताई म्हणाली, भाऊंचं डोकंच तसलं, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नव्हती त्यांना. मीही हसले. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता हे खरं माहीत असलेलं माणूस माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मी गेले की भाऊ कायमचे तसेच राहणार.

म्हणून पुस्तकातलं हे प्रकरण छापायच्या आधी कशेळ्याला धाडते आहे. ताईला आता दिसत नाही, ऐकूही कमी येतं. अरुण तिला सकाळी पेपर वाचून दाखवतो, हेही तोच वाचेल. अरुण, इथपर्यंत आला असशील तर आधी बघ, आईला नीट ऐकू गेलं का. नसेल गेलं तर जिथे मी बोळा कोंबला आहे तिथपासून पुन्हा वाच, मोठ्याने.